नैसर्गिक चूर्ण आणि गृहस्थाचे ऋण

कित्येक शब्द असे असतात की, त्यांचा उच्चार झाला म्हणजे विचार तेथेच थांबतो. 'नैसर्गिक' हा त्यांपैकीच एक होय. घरातील मुंग्या, झुरळे, ढेकूण यांच्या बंदोबस्तासाठी उग्र वासाचे फवारे टाकून देऊन नैसर्गिक चूर्णे वापरण्याकडे हल्ली सुशिक्षित कुटुंबांचा कल वाढत आहे. हा कल आम्हांस इष्टच वाटतो. परंतु चूर्णाच्या डबीबरोबर जी एक समजूत नकळत घरात शिरते, ती तपासून पाहण्याजोगी आहे. ती समजूत अशी की, चूर्ण निसर्गातले असल्यामुळे आपल्या हातून कोणास काही अपाय घडतच नाही.

ही चूर्णे आपणांस नवीन नाहीत. मुंग्यांच्या वाटेवर हळदीची रेघ ओढणे, वालाच्या व मुगाच्या बियाण्यास राख चोळणे, तांदळाच्या डब्यात कडुलिंबाचा वाळलेला पाला घालणे, कपड्यांत वेखंड ठेवणे, हे सर्व आपल्या आज्या-पणज्या करीत आल्या. त्यांत आता आणखी काही पदार्थांची भर पडली आहे. टाकणखारापासून तयार होणारी बोरिक पूड, एका जातीच्या शेवंतीच्या फुलांपासून निघणारे पायरेथ्रम आणि पाण्यातील डायटम नामक सूक्ष्म एकपेशीय जीवांच्या वालुकामय कवचांची, लक्षावधी वर्षे साचून बनलेली माती, ही त्यांपैकी प्रमुख होत.

आता ही चूर्णे कार्य कसे करतात ते पाहू. मुंगी आपल्या सोबतिणींनी सोडलेल्या गंधाच्या मागावरून चालते. हळदीने तो माग मोडतो आणि रांग काही काळ विस्कटते. येथे फार तर वाट अडविली जाते, जीव घेतला जात नाही. डायटमांच्या मातीचा प्रकार निराळा आहे. कीटकाच्या अंगावर मेणाचा एक अत्यंत पातळ थर असतो व त्याच्या योगे शरीरातील ओलावा टिकून राहतो. ही माती तो थर शोषून घेते, खरवडून काढते, आणि कीटक हळूहळू सुकून मरतो. त्यास कित्येक तास, क्वचित काही दिवसही लागतात. बोरिक पूड झुरळाच्या पायांस व मिशांस चिकटते. ते आपले अंग तोंडाने साफ करू लागले म्हणजे ती पोटात जाते. ज्या प्राण्यास आपण घाणेरडा म्हणून हिणवतो, त्याची स्वच्छतेची सवयच त्याच्या मरणास कारण व्हावी, हा योगायोग विलक्षण खरा! पायरेथ्रम तर थेट मज्जातंतूंवरच आघात करते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. 'नैसर्गिक' हे विशेषण पदार्थाच्या उगमाविषयी बोलते, त्याच्या परिणामाविषयी नव्हे. बचनाग नैसर्गिक आहे, सोमल नैसर्गिक आहे, आणि तंबाखूतील निकोटीन हे कीटकांचेच काय, माणसाचेही विष आहे. उलट, कृत्रिम द्रव्यांविषयी लोकांच्या मनात बसलेली भीतीही निष्कारण नव्हे. डी.डी.टी.चा कीटकनाशक गुण 1939 मध्ये पॉल म्युलर यांना आढळला व 1948 मध्ये त्याबद्दल त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले; आणि पुढे 1962 मध्ये रेचेल कार्सन यांच्या 'सायलेंट स्प्रिंग' या ग्रंथाने त्याच द्रव्याने पक्ष्यांचा कसा संहार चालविला आहे हे जगापुढे मांडले. तेव्हा जे लवकर विरत नाही व अन्नसाखळीत साचत जाते ते टाळावे, हे शहाणपणाचेच आहे. परंतु हे शहाणपण आपल्या व आपल्या परिसराच्या हिताचे आहे. कीटकाच्या बाजूने पाहिले तर सावकाश सुकून मरणे हे फवाऱ्याने झटपट मरण्याहून सौम्य आहे, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

कीटकास वेदना होते की नाही, याविषयी शास्त्रज्ञांत एकमत नाही, तेव्हा ही चिकित्सा कशाला, असे कोणी म्हणेल. दुसरा कोणी उलट टोकास जाऊन म्हणेल की, मारणेच पाप असेल तर झुरळांसही घरात नांदू द्यावे. आम्हांस दोन्ही पक्ष मान्य नाहीत. झुरळे रोगजंतू वाहून आणतात. त्यांच्या विष्ठेने व अंगाच्या कणांनी मुलांचा दमा बळावतो. लेकराच्या श्वासाची काळजी वाहणाऱ्या आईस अहिंसेचा उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस नाही. प्रश्न मारावे की न मारावे एवढाच नसून, मारताना आपण स्वतःशी काय बोलतो, हाही आहे.

या बाबतीत आपल्या पूर्वजांची एक कल्पना मोठी मार्मिक आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या घरी पाच 'सूना', म्हणजे वधस्थाने, सांगितली आहेत : चूल, पाटा-वरवंटा, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. त्या स्मृतीतील अनेक वचने आज आपण टाकून दिली आहेत व ते योग्यच झाले. पण ही दृष्टी टाकण्यासारखी नाही. केरसुणीसारख्या निरुपद्रवी वस्तूसही तिने वधस्थान म्हटले. घर चालवावयाचे म्हणजे काही जीव जाणारच, हे तिने लपविले नाही, आणि 'आम्ही निर्दोष' असा दावाही केला नाही. त्या दोषाच्या निरसनार्थ तिने जे पाच यज्ञ सांगितले, त्यांत भूतयज्ञ आहे व त्यात कावळ्यांसाठी, कृमींसाठीही अन्नाचा वाटा आहे. ज्यांची हानी होते त्यांचे ऋण मानावयाचे, हा त्यातील भाव. 'नैसर्गिक' ही चिठ्ठी लावलेली डबी आपणांस नेमके हे ऋणच विसरावयास लावते.

ऋण मानले म्हणजे आचरणात काय फरक पडतो? क्रम बदलतो. उष्टे-खरकटे रात्रभर ठेवू नये, गळका नळ दुरुस्त करावा, भिंतीच्या फटी बुजवाव्या. इतके केल्यावर बहुतेक पाहुणे आपण होऊनच निरोप घेतात. मग हळदीची रेघ. जेथे रोगाचे भय आहे तेथेच मारक चूर्ण, आणि तेही फटीत व कपाटामागे, अगदी थोडे. डायटमांची माती ओली झाली की निकामी होते, म्हणून पावसाळ्यात ती ओट्यावर पसरण्यात अर्थ नाही. शिवाय तिची धूळ श्वासात जाऊ देऊ नये. बोरिक पूड पिठीसाखरेसारखी दिसते व मुलांच्या पोटात गेल्यास घातक ठरते. ती डबीवर 'विष' असे लिहून कुलपातच ठेवावी.

'विष' हा शब्द लिहिताना हात किंचित अडखळला, तर ते चांगलेच म्हणावयाचे. मुलाने विचारले की, ही पूड कशासाठी, तर 'झुरळे मारण्यासाठी' असेच उत्तर द्यावे. 'झुरळे जाण्यासाठी' असे नव्हे. ज्या घरात खरे नाव उच्चारले जाते, तेथे ही पूड गरजेपुरतीच वापरली जाईल, अशी आमची खात्री आहे.