ओल

माझे वडील गवंडी. भिंतीला ओल आली आणि घरमालक म्हणाला, "अण्णा, वरनं एक गिलावा मारून द्या," की ते थापी खाली ठेवत. "आधी पाणी कुठनं येतंय ते बघू. गिलावा काय, कधीही मारता येतो." या हट्टापायी त्यांनी कितीतरी कामं सोडली. मला त्याचा अभिमान होता, आजही आहे.

तेच अण्णा छातीतली जळजळ अकरा वर्षं सोड्याच्या पुडीवर भागवत होते. घमेलं उचलायला वाकले की आंबट पाणी घशाशी यायचं. रात्री साडेनऊला जेवून आडवे व्हायचे आणि मध्यरात्री छाती चोळत उठून बसायचे. खिशात तंबाखूची डबी, तिच्याशेजारीच कॅप्सूलची पट्टी. जळजळ उसळली की एक कॅप्सूल. "पित्त आहे," हे त्यांचं निदान, आणि आमचंही.

मग ते भाकरी कुस्करून खायला लागले. आधी आमटीत, नंतर दुधात. दातांनी दगा दिला असेल असं आम्ही धरून चाललो. सहा महिने शेजारी बसून जेवलो आणि एकदाही विचारलं नाही, ही बोचणी माझी अजून गेलेली नाही.

शेवटी आईनं त्यांना तालुक्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मीही बरोबर होतो. बाईंनी आधी ईसीजी काढला, कारण छातीतली प्रत्येक जळजळ पित्ताची नसते. तो ठीक निघाला. मग त्यांनी विचारलं, "घास अडकतो का?"

अण्णांनी छातीच्या हाडावर मधोमध बोट टेकवलं. "इथं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. घास अडकणं, वजन उतरणं, शौचाला काळं होणं, यातलं एक जरी असेल तरी नुसती औषधं बदलत बसायचं नाही, दुर्बिणीनं आत बघायचं, असं त्या म्हणाल्या.

अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला भाजल्यासारखे चट्टे होते. जखमा होऊन, भरून, पुन्हा होऊन ती जागा आवळली होती. तुकडा तपासायला गेला. पाच दिवस घरात कुणाचा आवाज चढला नाही. कॅन्सर नव्हता. आवळलेली जागा फुग्यानं ताणून मोकळी केली.

"अन्ननलिका जठराला मिळते तिथं झडपेसारखी व्यवस्था असते," बाईंनी समजावलं. "ती ढिली पडली की आम्ल वर येतं. तंबाखूनं ती आणखी ढिली पडते."

"मोरीचा उतार चुकला की पाणी मागं येतं, तसं?"

"तसंच. म्हणून झोपायच्या तीन तास आधी जेवा. खाटेचे उशाकडचे पाय उंच करा. नुसत्या उशा रचू नका, पोट दुमडतं आणि दाब वाढतो."

औषध मात्र तेच निघालं, खिशातलंच. जठरातले आम्ल सोडणारे पंप जेवणाबरोबर जोरात चालू होतात. कॅप्सूल त्याच्या अर्धा तास आधी पोटात जायला हवी, तीही रोज. अण्णा ती आग लागल्यावर घेत होते.

एसटी स्टँडवर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "गिलावाच मारत होतो की रे इतकी वर्षं."

त्याच संध्याकाळी त्यांनी खाटेच्या उशाकडच्या पायांखाली दोन-दोन विटा आडव्या सरकवल्या आणि टेप लावून सहा इंच मोजले. रेषाभर तिरकी भिंत पाडून पुन्हा बांधणारा माणूस तिरक्या खाटेवर डाव्या कुशीवर झोपला. तंबाखू एवढी सहज सुटली नाही. दोनदा सोडली, दोनदा धरली. तिसऱ्यांदा दिवाळीनंतर डबी आईच्या हातात दिली.

मध्ये एका संध्याकाळी सात वाजता आम्ही जेवायला बसलो होतो. आईनं सवयीनं त्यांच्या भाकरीवर ओतायला आमटीची पळी उचलली. अण्णांनी भाकरीचा कोरडा तुकडा मोडला, तोंडात टाकला, सावकाश चावला आणि गिळला. मग दुसरा मोडला. आईनं पळी परत पातेल्यात ठेवली.