निदानाआधी

वर्गात मान खाली घालून बसणारं, मधेच उठून पळणारं पोर दिसलं की हल्ली आपण चटकन म्हणतो, वर्तनसमस्या. पण ते पारधी वस्तीतलं असेल तर? घरची बोली गुजरातीच्या जवळची, फळ्यावर प्रमाण मराठी. शिवाय इंग्रजांच्या १८७१च्या कायद्याने अशा जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरल्या. तो शिक्का १९५२मध्ये कागदावरून पुसला. गावाच्या नजरेतून कुठे? अनोळखी माणूस दिसला की दडायचं, हे घरचं शहाणपण. शाळा त्या पोराला ‘बुजरं, संशयी’ म्हणते. निदानाआधी विचारायचं म्हटलं तर, अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३च्या निदान-पुस्तिकेत संस्कृती समजून घेणारी १६ प्रश्नांची मुलाखत आहे. उत्तमच. आपल्याकडे निदान त्या पोराच्या आईला बोलवावं, बसायला खुर्ची द्यावी, आणि तिला तिच्या बोलीत बोलू द्यावं.