ऊब कुणाच्या मापानं ठरवायची?

2 फेब्रुवारी 1977. अध्यक्ष होऊन जेमतेम दोन आठवडे झालेले जिमी कार्टर व्हाइट हाउसच्या ग्रंथालयात पेटत्या फायरप्लेसशेजारी बसून टीव्हीवरून अमेरिकेशी बोलत होते. अंगात कोट नव्हता, लोकरीचं कार्डिगन होतं. त्या वर्षीचा हिवाळा कडाक्याचा होता आणि घरं तापवायला लागणाऱ्या नैसर्गिक वायूचा देशभर तुटवडा होता. कार्टर यांनी लोकांना साधी विनंती केली. घराचं तापमान दिवसा 65 अंश फॅरनहाइट ठेवा, म्हणजे साधारण 18 अंश सेल्सिअस, आणि रात्री 55, म्हणजे 13च्या आसपास. हाच नियम त्यांनी व्हाइट हाउसलाही लावला होता.

त्या नियमाची दुसरी बाजू रोझलिन कार्टर यांच्या आठवणींच्या पुस्तकात वाचायला मिळते. त्यांच्या कचेरीत इतका गारठा असे की कामात लक्ष लागत नसे, आणि त्यांच्याकडचे कर्मचारी हातमोजे घालून टाइप करत. निदान 68 वर तरी ठेवा, म्हणून त्यांनी नवऱ्याची खूप मनधरणी केली. काही उपयोग झाला नाही.

कार्टर दांभिक नव्हते. रविवारी बायबलचे वर्ग घेणारा तो श्रद्धाळू बाप्टिस्ट माणूस होता, आणि जे इतरांना सांगितलं ते स्वतः सोसत होता. म्हणूनच त्यांचं उदाहरण महत्त्वाचं वाटतं. ढोंगी माणसाचा दोष दाखवणं सोपं असतं. पण जो मनापासून, चांगल्या हेतूनं थंडी सहन करतो, त्याला त्याच छपराखाली राहणाऱ्या दुसऱ्या माणसाच्या थंडीवर किती अधिकार पोचतो? फॅरनहाइटच्या त्या तीन अंशांत धर्मविचारातला एक फार जुना प्रश्न दडलेला आहे.

मराठी वाचकाला इथे पहिल्यांदा गीता आठवेल. थंडी आणि ऊन यांचा उल्लेख तिथे दुसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या अध्यायांत येतो, आणि तिन्ही ठिकाणी रोख एकच आहे: शीत-उष्ण येतात आणि जातात, त्यांनी ढळू नये. या शिकवणुकीवर आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या वाढल्या. ‘एवढ्याशा थंडीला काय घाबरायचं’ हे घरोघरचं वाक्य तिच्याच सावलीत उभं असतं. पण ती शिकवण कुणाला उद्देशून आहे, हे पाहायला हवं. कृष्ण अर्जुनाला सांगतो की तू सहन कर. इतरांना सहन करायला लाव, असं तो कुठेही म्हणत नाही. तितिक्षा हा स्वतःच्या अंगावर घ्यायचा गुण आहे. तो दुसऱ्याच्या अंगावर टाकला की त्याची जबरदस्ती होते.

थंडीत माणसाला नेमकं किती लागतं, याचा सगळ्यात प्रामाणिक शोध बौद्ध विनयात नोंदलेला आहे. राजगृहाहून वैशालीकडे जाताना बुद्धांना भिक्षू दिसले ते चीवरांच्या ओझ्याखाली वाकलेले: डोक्यावर गाठोडं, खांद्यावर गाठोडं, कमरेला गाठोडं. याला मर्यादा हवी, हे त्यांच्या मनात आलं. पण मर्यादा कुठे घालायची? वैशालीत गोतमक चैत्यापाशी मुक्काम असताना, माघ-फाल्गुनाच्या सांध्यावरच्या त्या कडक थंडीच्या रात्रींत, बुद्ध एकच चीवर पांघरून उघड्यावर बसले. रात्रीचा पहिला प्रहर सरेपर्यंत थंडी लागली नाही. मग लागली, तेव्हा दुसरं चीवर घेतलं. मधला प्रहर उलटला, पुन्हा थंडी वाजली, तिसरं घेतलं. पहाटे, सूर्य उगवायच्या वेळी, चौथं घ्यावं लागलं.

यानंतरचा निर्णय विचार करण्यासारखा आहे. संघात चांगल्या घरांतून आलेले, थंडी न सोसणारे, तिची धास्ती असलेले तरुण होते. तेसुद्धा तीन चीवरांत निभावतील, असा विचार करून बुद्धांनी तीन चीवरांची परवानगी दिली, त्यातलं एक दुहेरी कापडाचं. म्हणजे शोध स्वतःच्या अंगावर घेतला, पण माप धरलं ते सगळ्यात नाजूक माणसाचं. संघातला सगळ्यात काटक भिक्षू एका चीवरात रात्र काढत असेलही. त्याच्यावरून नियम ठरला नाही. आणि नियम ठरला म्हणून गाठोडी वाहायचीही मुभा राहिली नाही. दोन्ही गोष्टी एकाच रात्रीच्या अनुभवातून निघाल्या.

याच बुद्धांची दुसरी एक कथा अंगुत्तर निकायात आहे आणि ती वरवर पाहता उलट बाजूची वाटते. आळवी गावाजवळ शिंशपावनात, गुरांच्या वाटेवर, पानांच्या अंथरुणावर ते बसलेले असतात. हत्थक नावाचा गृहस्थ येऊन विचारतो की रात्री झोप सुखाची लागली का? दिवस थंडीचे, जमीन गुरांच्या खुरांनी उखणलेली, पानं विरळ, कपडा पातळ, त्यात वारा. बुद्ध म्हणतात की हो, जगात सुखानं झोपणाऱ्यांपैकी मी एक आहे. मग तेच हत्थकाला विचारतात: खिडक्या-दारं घट्ट लावलेल्या, मऊ लोकरी अंथरुणाच्या घरात झोपलेला श्रीमंत माणूस लोभानं, द्वेषानं, मोहानं आतून जळत असला तर? हत्थकाला ते पटतं. या दोन कथा एकत्र ठेवल्या की कोडं सुटतं. स्वतःबद्दल विचारलं तेव्हा बुद्धांनी मनाच्या शांतीचं उत्तर दिलं. दुसऱ्यांची सोय लावायची वेळ आली तेव्हा मात्र अंगावरच्या काट्याचा हिशोब केला.

जैन परंपरा याहून कठोर. साधूनं सोसायच्या बावीस परीषहांत थंडी आहे, आणि अग्नीतही जीव मानल्यामुळे शेकायला आग पेटवणं साधूला वर्ज्य. आचारांग सूत्रात थंडीनं थरथरणाऱ्या साधूला पाहून एक गृहस्थ शंकेनं विचारतो की हा कंप वासनेचा तर नाही? साधू सरळ सांगतो की तसं काही नाही, मला थंडी सोसत नाही इतकंच. गृहस्थानं आग पेटवून दिली तरी साधू ती नाकारतो. इतक्या कठोर मार्गावरचा हा माणूस थंडी लागतच नाही असा आव आणत नाही, हे लक्षात राहतं. सोसत नाही हे बोलून दाखवणं त्याला कमीपणाचं वाटत नाही. घराघरांत नेमकं हेच बोललं जात नाही.

ज्यू धर्मशास्त्रात तर हा प्रश्न थेट कायद्याच्या भाषेत आला. कोकणातल्या बेने इस्रायली लोकांना मराठी माणूस शतकानुशतकं ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखत आला, कारण शनिवारी त्यांचे घाणे बंद असत. शब्बाथच्या त्या दिवशी आग पेटवणंही निषिद्ध. कोकणात याचा जाच थोडा, पण जर्मनीत, पोलंडमध्ये जानेवारीतल्या शनिवारी काय करायचं? तेराव्या शतकातल्या रोटेनबर्गच्या रब्बी मेइर यांच्या घरातल्या मोलकरणी त्यांच्या मनाविरुद्ध शनिवारी भट्टी पेटवत, म्हणून त्यांनी भट्टीच्या दाराला कुलूपच बसवल्याची नोंद आहे. पण योसेफ कारो यांच्या 1565 साली छापल्या गेलेल्या ‘शुल्हान अरुख’ या संहितेत वेगळा कौल मिळतो. थंड प्रदेशांत लहान मुलांसाठी बिगर-ज्यू माणसाकडून आग पेटवून घ्यावी आणि मग मोठ्यांनीही तिच्यापाशी शेकावं. थंडी फार असेल तर मोठ्यांसाठीही पेटवून घ्यायला हरकत नाही. त्यामागचं कारण मोठं माणुसकीचं आहे: थंडीपुढे सगळेच आजारी समजायचे. आजाऱ्यासाठी नियम सैल होतो, मग थंडीत प्रत्येकासाठी तो सैल व्हावा. धट्ट्याकट्ट्यानं आधी आपली दुर्बलता सिद्ध करावी, अशी अट इथे नाही.

ख्रिस्ती मठांचं शिस्तपुस्तक लिहिणारे संत बेनेडिक्ट सहाव्या शतकात याच ठिकाणी पोचले होते. कपडे हवामान पाहून द्यावेत, थंड मुलखात जास्त लागतात, हे त्यांनी स्पष्ट लिहिलं. ज्याला कमी लागतं त्यानं देवाचे आभार मानावेत आणि ज्याला जास्त लागतं त्यानं नम्र असावं, असंही त्यांचं सांगणं आहे. कमी लागणाऱ्याला त्यांनी बक्षीस म्हणून दुसऱ्यावर हुकूम चालवायचा अधिकार दिला नाही. इंग्लंडमधल्या फाउंटन्स मठाच्या अवशेषांत आजही ऊबघर दिसतं. त्यातल्या दोन अवाढव्य फायरप्लेस पाहिल्या की या शिस्तीत अंगाचीही काळजी होती हे कळतं.

आता विज्ञान काय म्हणतं? डेन्मार्कच्या पोव्हल ओले फँगर यांनी शेकडो माणसांना नियंत्रित खोल्यांत बसवून ‘सुखद तापमाना’चं गणित मांडलं. त्यांचं पुस्तक 1970चं. हवेचं तापमान, भिंतींची ऊब किंवा गारवा, वारा, आर्द्रता, अंगावरचे कपडे आणि माणसाची हालचाल, अशा सहा गोष्टींवर ते गणित चालतं. पण त्यांच्याच हिशोबानं, सगळं अगदी नेमकं जुळवलं तरी शंभरातले पाच जण नाराज राहतातच. 2015 मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी दाखवलं की अशा मानकांत शरीराच्या उष्णतेचा जो आकडा वापरतात, तो मुळात चाळिशीतल्या, 70 किलो वजनाच्या पुरुषाचा आहे. रोझलिन कार्टर यांच्या कचेरीतली तक्रार त्या आकड्यात बसतच नव्हती.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2018 मध्ये थंडीत घरासाठी किमान 18 अंशांची शिफारस केली. हा कार्टर यांचाच आकडा. पण संघटनेनं लगेच पुढे म्हटलं की म्हातारी माणसं, लहान मुलं आणि जुनाट आजार असलेले यांना याहून जास्त लागू शकतं. घरातली हवा गार असली की रक्तदाब वाढतो, श्वासाचे विकार बळावतात. त्यात एक घातक गोष्ट अशी की वय वाढतं तशी थंडीची जाणीवच बोथट होते. टोरांटो किंवा शिकागोत मुलाकडे हिवाळ्यात राहायला गेलेली आई स्वेटरवर शाल घेऊन बसते आणि विचारलं तर ‘मला काही होत नाही’ म्हणते. त्यात संकोच असतो, परक्या घराच्या बिलाची काळजी असते, आणि कधी खरोखरच तिला कळलेलं नसतं की अंग गार पडतं आहे. तिच्या शब्दावर थर्मोस्टॅट ठरवणं म्हणजे जबाबदारी टाळणं. तिच्या हाताला हात लावून पाहायला हवा.

महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत थर्मोस्टॅट नाही. निफाडला थंडीच्या लाटेत पारा 5 अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हा निर्णय वेगळ्या रूपात येतो: चुलीजवळची जागा कुणाची, जाड गोधडी कुणाला, पहाटे पाणी भरायला कोण उठणार. मात्र पंढरपुरात या दिवसांत विठ्ठलाच्या मूर्तीला शाल आणि कानपट्टी घालतात. बदरीनाथचं मंदिर हिवाळ्यासाठी बंद करताना माणा गावच्या बायांनी विणलेली, तुपात माखलेली कांबळ मूर्तीवर पांघरतात. देवाला थंडी वाजते का, हा वाद तत्त्वज्ञांनी घालावा. भक्तीनं इथे एक वळण शिकवलं आहे: ज्याला मागता येत नाही, त्याला न मागता द्यायचं.

यावर खरा आक्षेप उरतो तो खर्चाचा आणि धुराचा. प्रत्येक वाढवलेल्या अंशामागे कुठेतरी कोळसा किंवा वायू जळतो. 2022 मध्ये रशियाकडून येणारा वायू आटला तेव्हा जर्मनीनं सरकारी कचेऱ्यांसाठी 19 अंशांची कमाल मर्यादा घातली, आणि रुग्णालयं नि पाळणाघरं त्यातून वगळली. वगळण्याची ती कलमंच त्या नियमाचा शहाणपणा होता. घरातही तसंच करता येतं: सगळं घर 23 वर नेण्याऐवजी आजोबांची खोली उबदार, बाकीच्यांच्या अंगात स्वेटर. कारो यांनीही आपल्या संहितेत त्या सवलतीला लागूनच ताकीद दिली आहे. थंडी फारशी नसलेल्या दिवशीही आग पेटवून घेणाऱ्यांचं वागणं त्यांना मान्य नव्हतं. त्यांच्या मते ती मुभा त्या दिवसाच्या थंडीपुरती होती, आणि आज किती थंडी आहे हे दर शनिवारी नव्यानं पाहावं लागत होतं.