बधिरतेपूर्वीची मुदत

शरीर इजेची वर्दी वेदनेतून देते आणि वेदना थांबली की इजा भरून आली असे माणूस धरून चालतो. रोजच्या व्यवहारात हा समज बहुधा खराही ठरतो. मनगटात चेता दबल्यामुळे होणाऱ्या विकाराच्या, म्हणजेच कार्पल टनेल सिंड्रोमच्या बाबतीत मात्र तो घातक ठरू शकतो, कारण येथे वेदना ओसरणे हे कधी बरे होण्याचे, तर कधी चेता निकामी होत चालल्याचे लक्षण असते. ज्या समाजात दुखणे अंगावर काढणे हा गुण मानला जातो, तेथे या विकाराचा विचार करताना त्या गुणाचाही विचार करणे भाग पडते.

तळहाताच्या मुळाशी ८ लहान हाडांची कमान असते आणि तिच्यावर एक जाड, आडवा अस्थिबंध ताणलेला असतो. या दोहोंमधल्या अरुंद बोगद्यातून बोटे मिटवणाऱ्या ९ कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणारे चिवट तंतू, आणि त्यांच्यासोबत मध्य चेता जाते. अंगठा, तर्जनी, मधले बोट व अनामिकेची अंगठ्याकडची बाजू यांची संवेदना, तसेच अंगठा इतर बोटांसमोर आणणारी हालचाल या चेतेवर अवलंबून असते. करंगळीची चेता बोगद्याबाहेरून जात असल्याने करंगळी मात्र सुटते आणि निदानाला ही खूण उपयोगी पडते. बोगद्याच्या भिंती सहसा फाकत नाहीत, त्यामुळे कंडरांभोवतीचे आवरण जाड झाले किंवा सूज आली की आतला दाब वाढतो. निरोगी मनगट सरळ असताना हा दाब पाऱ्याच्या काही मिलिमीटरांपुरताच असतो, तर रुग्णांत तो ३० मिलिमीटरांच्या आसपास आढळला असून मनगट दुमडले की तो आणखी चढतो. झोपेत मनगट नकळत दुमडले जाते, चेतेचा रक्तपुरवठा आखडतो, रुग्ण मध्यरात्री मुंग्यांनी जागा होतो, हात जोराने झटकतो आणि जरा बरे वाटताच पुन्हा झोपी जातो. या झटकण्यामुळेच दुखणे किरकोळ वाटू लागते.

वैद्यकालाही हे दुखणे ओळखायला वेळ लागला. मनगटाजवळच्या हाडाला इजा झाल्यानंतर मध्य चेता दबल्याचे वर्णन जेम्स पॅजेट यांनी १८५४ मध्ये केले; पिएर मारी आणि शार्ल फ्वा यांनी १९१३ मध्ये अस्थिबंधापाशी दबलेली चेता दाखवून तो वेळीच कापण्याची कल्पना मांडली. तरीही त्यानंतर कित्येक वर्षे या रुग्णांच्या तक्रारींचे मूळ मानेत शोधले जात होते आणि १९५० च्या दशकात जॉर्ज फेलन यांच्या लेखनानंतर हा विकार सर्वसामान्य डॉक्टरांच्या ओळखीचा झाला. रुग्णांत मोठा भरणा मध्यमवयीन स्त्रियांचा होता आणि आजही पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो अधिक आढळतो. गर्भारपण, मधुमेह, थायरॉइडची कमतरता आणि संधिवात यांचाही त्यात वाटा असतो.

कामाचा वाटा मोजताना संगणकाच्या कळफलकाकडे पहिले बोट दाखवले जाते. त्याविषयीचा पुरावा मात्र जोर लावून, मनगट वाकवून वारंवार केलेल्या कामाच्या किंवा कंप पावणाऱ्या हत्यारांच्या पुराव्याइतका भक्कम नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१० च्या व्यावसायिक रोगांच्या यादीत अशा कामातून होणाऱ्या या विकाराला जागा दिली. परंतु कणीक मळणे, ओल्या चादरी पिळणे आणि भांडी घासणे या कामांतही मनगटाला पीळ आणि जोर लागतोच, आणि घरच्या या कामाला मालक नसल्याने त्यातून आलेल्या दुखण्याची नोंद कोणाच्याच दप्तरी होत नाही. घरातील स्त्री ते वयाच्या किंवा अशक्तपणाच्या खाती टाकते आणि बाम चोळून दुसऱ्या दिवशीच्या कामाला लागते.

दरम्यान चेतेची हानी क्रमाने होत असते. आधी तंतूंभोवतीचे संरक्षक वेष्टन झिजते. या अवस्थेत दाब हटला तर ते काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पुन्हा तयार होऊ शकते. पुढे तंतूच मरू लागतात, मुंग्यांची जागा कायमची बधिरता घेते, पोलक्याचे हूक बोटांना लागत नाहीत, हातातला कप निसटतो आणि अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा खोलगट होतो. या अवस्थेत कित्येकदा रात्रीची ठणक कमी होते आणि रुग्णाला आराम पडल्यासारखे वाटते. मेलेला तंतू पुन्हा वाढतो तो दिवसाला साधारण १ मिलिमीटर या गतीने, आणि फार काळ वाळलेला स्नायू बहुधा पूर्ववत होत नाही.

उपचारांची चढणही याच क्रमाला अनुसरून आहे. सौम्य अवस्थेत रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा काही आठवडे बांधणे आणि मूळ आजाराकडे लक्ष देणे पुष्कळदा पुरते. गर्भारपणातील त्रास बहुधा बाळंतपणानंतर ओसरतो. स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने काही आठवडे किंवा महिने आराम मिळतो, पण त्रास उलटूही शकतो. बधिरता टिकून राहिली किंवा स्नायू वाळू लागला, तर अस्थिबंध कापून चेतेला जागा करून देणे आवश्यक ठरते. ही शस्त्रक्रिया बहुधा तेवढाच भाग बधिर करून होते आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. चेतेतून संदेश किती वेगाने जातो हे मोजणारी चाचणी हानीचा अंदाज देते, म्हणून ती वेळेवर करून घेण्याला महत्त्व आहे.

सोशिकपणाचे मोल यातून कमी होत नाही. त्याची जागा बदलते. हाताची ठणक गिळून महिनोन्‌महिने काढण्यात तो खर्ची पडला, तर वाचवता आली असती ती चेता हातची जाते. उपचार झाल्यावर मात्र पट्टा नेमाने बांधण्यासाठी, पकडीचा जोर परत येईपर्यंत जड काम इतरांवर सोपवण्यासाठी आणि मिलिमीटरा-मिलिमीटराने वाढणाऱ्या तंतूची वाट पाहण्यासाठी तोच सोशिकपणा लागतो. घरातल्यांनी त्या काळात कामे वाटून घेतली, तरच तो एकट्या रुग्णाच्या माथी पडणार नाही.