काढा, वैद्य आणि नाम



दर महिन्यास आपण येथे भवरोगाचे बोलतो. आज देहरोगाचे बोलणार आहोत. कोणी म्हणेल, महाराज, हा विषय कीर्तनाचा नव्हे. परंतु ज्या पायांनी पंढरीची वाट चालावयाची, ज्या हातांनी टाळ धरावयाचा, तो देहच अवेळी गेला तर वारी करणार कोण? देहाचा लोभ नसावा हे खरे. पण देवाने सांभाळावयास दिलेली ठेव हयगयीने गमावणे, याला वैराग्य म्हणत नाहीत.

प्रथम आमचाच दोष सांगतो. नागपूरजवळ वाडीला, अमरावती रस्त्यालगत एका माळकऱ्याच्या घरी एकादशीचे भजन चालले होते. हरिपाठ झाला, रात्र चढली, आणि आमच्या एका टाळकऱ्याने मधेच टाळ खाली ठेवला. "महाराज, छातीत दडपल्यावानी वाटून रायलं," म्हणाला. अंगाला घाम सुटलेला, डावा हात जड झालेला. आम्ही मोठ्या जाणत्याचा आव आणून म्हणालो, "काही नाही भाऊ, उपासाचा वायू असन. हिंग-ओवा घे अन् पडून राहा." घरच्या माउलीने ओवा दिला, छातीला तेल चोळले. आम्ही पुन्हा अभंग धरला. दुखणे थोडे उतरले, पुन्हा चढले. पहाटे त्याच्या लेकाने कोणाचे न ऐकता गाडी काढली. वाडीहून नागपूर आठ-दहा किलोमीटर. अर्ध्या तासाची वाट, आणि आम्ही तिला सारी रात्र लावली!

दवाखान्यात हृदयाचा आलेख निघाला, उपचार झाले, प्राण वाचला. पण तोवर हृदयाचा बराच भाग निकामी झाला होता. पुढे आणखी एक गोष्ट कळली. रक्तदाबाची गोळी तो दर एकादशीला वगळत असे. "गोळीनं उपास मोडते," अशी त्याची समजूत. आणि मोडत नाही, हे आम्ही त्यास कधी सांगितले नव्हते. आता दिंडी निघते तेव्हा तो नाक्यापर्यंत येतो, सर्वांच्या पाया पडतो आणि माघारी फिरतो. थोडे चालले की त्यास दम लागतो. त्याने आम्हांस कधी बोल लावला नाही. तेच आम्हांस अधिक लागते.

बापहो, त्या रात्री छातीत काय चालले होते, ते मळ्याच्या दृष्टान्ताने पाहा. हृदय साऱ्या देहाला रक्त पुरवते, पण त्याचे स्वतःचे पोषण काही बारीक रक्तवाहिन्यांतून होते. त्यांत वर्षानुवर्षे चरबीचा थर साचतो. एके दिवशी तो थर फुटतो, त्यावर रक्ताची गाठ धरते आणि पाट तुंबतो. पुढच्या वाफ्यातील रोपे पाण्यावाचून वाळू लागतात. वाळलेले रोप मग पाणी आले तरी उठत नाही. ओवा पोटात जातो. तो त्या पाटातली गाठ कशी काढणार? गाठ विरघळविणारे इंजेक्शन किंवा नळी घालून वाट मोकळी करण्याची क्रिया हीच तेथील कुदळ, आणि ती पहिल्या काही तासांत जितकी लवकर चालेल तितका मळा वाचतो. अरणच्या सावता महाराजांनी मळ्यातच पांडुरंग पाहिला. पण म्हणून मोट थांबवून ते बसले नाहीत.

मग घरचे औषध सारे खोटे काय? असे आम्ही म्हणत नाही. इंग्लंडात एका म्हातारीच्या घराण्यात सूज उतरविणारा काढा होता. त्यात वीसएक वनस्पती. विल्यम विदरिंग नावाच्या डॉक्टराने त्यातली गुणकारी कोणती ते शोधले, किती मात्रेत ती तारते आणि किती मात्रेत मारते हे रोगी तपासून पाहिले, आणि 1785 साली ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्याच जातीच्या वनस्पतीतून निघालेले औषध आजही हृदयाच्या काही रोग्यांना मोजून देतात. म्हणजे म्हातारी खोटी नव्हती. पण मोजमाप आले तेव्हा काढ्याचे औषध झाले. आपल्याकडे अर्जुनाची साल दुधात उकळून देण्याची चाल आयुर्वेदात जुनी आहे. ज्यास घ्यावयाची असेल त्याने वैद्यास आणि डॉक्टरास, दोघांसही सांगून घ्यावी. पण चालू गोळी सोडून साल घेणे, आणि छातीत कळ आली असता साल उकळीत बसणे, हा घात आहे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना लसणाचे औषधही मनाने वाढवू नये. रक्तस्राव वाढू शकतो.

घरच्या उपायांचे खरे राज्य दुखण्याच्या आधी आहे. रोजचे चालणे, बेताचे जेवण, मीठ दिवसास चहाच्या एका चमच्याहून कमी, हे कोणत्याही काढ्याहून मोठे. पापड, लोणचे, ठेचा जिभेला गोड, पण रक्तदाबाला वैरी. एकादशीला साबुदाणा, शेंगदाणे आणि तूप यांनीच पोट भरावयाचे तर तो उपास कसला? आणि आमच्या नागपूरकडचा खर्रा! गळ्यात तुळशीची माळ अन् गालात खर्रा, हे कोणत्या संतांनी शिकविले? तंबाखू त्या बारीक वाहिन्यांचीच वैरीण आहे.

आता चार गोष्टी गाठीला बांधा. छातीत मधोमध दडपण, ते हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणे, घाम, दम, मळमळ, यांतले काही आले तर वायू समजू नये. मधुमेही माणसास आणि बायाबापड्यांस कधी छाती न दुखता नुसता दम लागतो, गळाठा येतो. रोग्यास चालवू नये. 108 क्रमांकाला फोन करावा आणि हृदयाचा आलेख निघतो अशा दवाखान्यात तत्काळ न्यावे. वायू निघाला तर हसत परत येऊ. तेवढ्याने कोणाची लाज जात नाही. रोजची गोळी एकादशीलाही घ्यावी. तिने व्रत मोडत नाही. मधुमेहाचे औषध असेल तर उपासाआधी डॉक्टरांस विचारावे, कारण उपाशीपोटी साखर एकाएकी उतरते.

कोणी विचारील, मग नाम कशाला? नाम भवरोगाचे औषध आहे; त्याला हिंग-ओव्याच्या जागी बसवू नका. विदर्भातलेच गाडगेबाबा पाहा. शेंडगावी 1876 साली जन्मले, 1956 साली गेले. त्यांच्या दशसूत्रीत रोग्यांच्या औषधोपचारालाही स्थान आहे. मुंबईत दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा कर्करोगाच्या रोग्यांना आसरा देते. देव कोठे भेटतो हे त्यांस ठाऊक होते.

त्या रात्री अभंग थांबवून गाडी काढली असती, तर तीही विठ्ठलाचीच सेवा होती. आम्ही चुकलो, तुम्ही चुकू नका. रोग्याबरोबर गाडीत बसा आणि वाटेने नाम घ्या. पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!