रिकामी चौकट

गणिताच्या पुस्तकात 'पुढची संख्या लिहा' असा एक प्रश्न असतो आणि तो सगळ्यांत सोपा समजला जातो. १, २, ४, ८, १६ आणि पुढे एक रिकामी चौकट. पोरे तिथे ३२ लिहून मोकळी होतात. दर वेळी दुप्पट. ह्यात विचार करण्यासारखे आहे तरी काय?

आहे, असे मला वाटते. कागदावर एक वर्तुळ काढावे. परिघावर एकच बिंदू असेल तर वर्तुळ अखंड, म्हणजे भाग एक. दोन बिंदू घेऊन जोडले की भाग दोन. तीन बिंदू एकमेकांना जोडले की चार, चारांचे आठ, पाचांचे सोळा. इथवर दुप्पट इमानाने चालते. आता सहावा बिंदू घ्यावा, तीन रेषा एकाच ठिकाणी छेदणार नाहीत एवढे पाहावे आणि भाग मोजावेत. ते ३१ भरतात. कितीही वेळा मोजा, बत्तिसावा सापडत नाही. म्हणजे चौकटीत ३१ लिहिणारा मुलगाही बरोबरच. मग दुपटीचा नियम त्या पाच आकड्यांच्या पोटात होता, की आपणच तो बाहेरून घातला?

जुन्यांची परिभाषा ह्या बाबतीत अधिक सावध होती. दहावीच्या गणितातला 'श्रेढी' हा शब्द भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त आहे. ग्रंथ ११५० च्या सुमाराचा. आपण ज्याला पहिले पद म्हणतो तो तिथे आदि, दर वेळची वाढ म्हणजे चय, पदांची संख्या म्हणजे गच्छ आणि साऱ्यांची बेरीज म्हणजे सर्वधन. ('पद' ह्या शब्दाला आमच्या गावात ग्रामपंचायतीमुळे भलताच अर्थ चिकटला आहे, तो सोडा.) एकाने पहिल्या दिवशी ४ द्रम्म दान दिले, रोज ५ वाढवीत गेला, तर १५ दिवसांचे किती? ५८५. चय आधीच सांगितला आहे. आकडे दाखवून 'ओळखा पाहू' म्हटलेले नाही. सावकाराच्या कागदावरसुद्धा दर लिहिलेला असतो. १००० रुपये, शेकडा २० चक्रवाढीने, १२००, १४४०, १७२८ होतात ते त्या दराने.

माणसांच्या बाबतीत मात्र चय कुणी सांगितलेला नसतो. आजा सालगडी, बाप सालगडी. नातवाच्या चौकटीत काय लिहायचे हे आसेगावात कुणाला विचारावे लागत नाही. तेही दोन पदांवरून! दोन पदांतून तर हवी ती श्रेढी काढता येते. कादंबरीत असे पात्र लिहिले तर वाचक साचेबंद म्हणतात. पारावर त्यालाच अनुभव म्हणतात.

माझे एक शेतकरी स्नेही म्हणतात, "गुरुजी, अंदाज बांधू नये म्हणता, मग आम्ही मृगात पेरायचे तरी कशाच्या भरवशावर?" त्यांचे खरे आहे. अंदाजावाचून एक दिवस जाणार नाही. पण पावसाला त्यांचा अंदाज ऐकू येत नाही. आपण ३२ म्हटल्याने वर्तुळाचा एक भाग वाढत नाही. पोराला मात्र ऐकू येते. त्याला मागच्या बाकावर बसवतात, त्याची वही तपासायची राहून जाते, सोयाबीन काढणीला तो चार दिवस आला नाही तर कुणी चौकशी करीत नाही. पुढे तोही सालाने राहिला, की गाव त्याला तिसरे पद म्हणून त्याच्या धाकट्या भावापुढे धरते.