आपला तो बाब्या

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण ज्याने कुणी केली तो गृहस्थ नॉर्थ कॅरोलिनात राहिलेला नसणार. आम्ही इथे रॅलीशेजारच्या केरी गावात वीस वर्षं काढली. इथे हिवाळ्यात कॉलेजांचा बास्केटबॉल असतो आणि वसंतात लहान मुलांचा बेसबॉल. हिवाळ्यात मी दुसऱ्यांच्या कार्ट्यांना बाब्या म्हणून डोक्यावर घेतो. वसंतात माझ्या सख्ख्या बाब्याकडे मी तिऱ्हाइताच्या नजरेने पाहावं अशी अपेक्षा असते. यातलं नीतीला धरून कोणतं?

आधी हिवाळा. चॅपेल हिल आणि डरहॅम ही दोन गावं जवळपास सोळा किलोमीटरच्या अंतरावर. पुणे स्टेशनला लोकल पकडावी आणि चिंचवडला उतरावं, इतकंच. एका गावात युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ कॅरोलिना, दुसऱ्यात ड्यूक. एकीचा निळा रंग फिका, दुसरीचा गडद. निळ्याच्या या दोन छटांवरून इथल्या माणसांत जे वैर चालतं ते पाहून आपल्याकडचे बांधाचे दावे सामंजस्याचे वाटतात. ड्यूकची मुलं या सामन्याच्या प्रवेशासाठी ऐन थंडीत कित्येक आठवडे तंबू ठोकून राहतात, आणि त्या तंबूंच्या वस्तीला त्यांच्या कोचचं नाव आहे. परवडत नाही म्हणून नव्हे, खोली असूनही उघड्यावर झोपणारे विद्यार्थी मी आयुष्यात प्रथम इथे पाहिले.

मी फिक्या निळ्याचा. का, म्हणून विचाराल तर पहिली दोन वर्षं ज्यांच्या घरात भाड्याने राहिलो ते घरमालक फिक्या निळ्याचे होते. मी त्या युनिव्हर्सिटीत शिकलो नाही, तिथल्या एकाही खेळाडूला मी भेटलेलो नाही, आणि दर दोन-तीन वर्षांनी ते सगळे बदलतात. २०२१ पासून तर एका कॉलेजातून दुसऱ्यात जाणं इतकं सोपं झालंय की काल ज्याच्या नावाने शंख केला तोच उद्या आपल्या गंजिफ्रॉकात उभा असतो. म्हणजे माझं प्रेम आहे ते नेमकं गंजिफ्रॉकावर. पण कुलदैवत तरी माणूस कुठे निवडून घेतो?

आता २ एप्रिल २०२२ ची गोष्ट घ्या. ड्यूकचे कोच माईक शेशेव्स्की (हे नाव इंग्रजीत लिहिताना स्वर शोधावे लागतात, म्हणून सगळे त्यांना नुसतं 'कोच के' म्हणतात) बेचाळीस वर्षांनी निवृत्त होणार होते. राष्ट्रीय स्पर्धेची उपान्त्य फेरी, न्यू ऑर्लीन्सचं मैदान, समोर आमचा संघ. आम्ही जिंकलो, ८१-७७. त्यांच्या कारकिर्दीतला तो शेवटचा सामना ठरला. पंच्याहत्तर वर्षांचा तो माणूस मान खाली घालून आत निघाला, आणि माझ्यासारखा पापभीरू माणूस, ज्याने उभ्या जन्मात कुणाच्या अमृतमहोत्सवाला शाल-श्रीफळाशिवाय दुसरं काही दिलं नाही, तो दिवाणखान्यात कोचावर उभा राहून नाचत होता. (दोन दिवसांनी अंतिम सामन्यात मध्यंतराला पंधरा गुणांनी पुढे असताना आम्ही कॅन्ससकडून हरलो. पण देव एवढ्या लवकर हिशेब करत असेल असं मला वाटत नाही.)

याचं समर्थन मला करता येतं, आणि ते चांगलं समर्थन आहे. चाहत्याच्या हातात काही नसतं. मी कितीही पक्षपात केला तरी त्या पक्षपाताचं रूपांतर एका गुणातदेखील होत नाही. न्यायाधीशाने पक्षपात केला तर कुणीतरी तुरुंगात जातं. मी केला तर फार तर शेजाऱ्यांची झोप जाते. ज्याला सत्ता नाही त्याच्या पक्षपाताला खेळ म्हणावं, पाप म्हणू नये.

हे समर्थन मी मार्चपर्यंत वापरतो. मग मैदानं हिरवी होतात आणि आमचे दहा वर्षांचे चिरंजीव बेसबॉलची टोपी घालतात.

लिटल लीग ही संस्था पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्टला १९३९ साली कार्ल स्टॉट्झ नावाच्या गृहस्थाने काढली, आणि तीही नात्यातल्या दोन पोरांना खेळायला मिळावं म्हणून. म्हणजे मुळातच आपल्या बाब्यासाठी! पण नियम पाहा. प्रत्येक मुलाला निदान एकदा बॅट मिळालीच पाहिजे आणि समोरचे सहा जण बाद होईपर्यंत मैदानात उभं राहायला मिळालंच पाहिजे. नऊ-दहा वर्षांच्या मुलाने दिवसाला पंचाहत्तरापेक्षा जास्त चेंडू टाकायचे नाहीत. मग समोरचा संघ कितीही गडबडलेला असो. ही कलमं वरवर मुलांसाठी आहेत. माझ्या मते ती बापांसाठी लिहिलेली आहेत.

आमचे चिरंजीव राइट फील्डला असतात. गल्लीत क्रिकेट खेळताना ज्याची बॅट नसते त्याला जिथे उभं करतात, ती ही जागा. बाकी आम्ही आईबाप घडीच्या खुर्च्यांवर रांगेने बसतो. पंच असतो पंधरा वर्षांचा एक मुलगा. चेंडू फलंदाजाच्या गुडघ्यांपासून छातीपर्यंतच्या एका अदृश्य चौकटीतून गेला की नाही, हे त्याने सांगायचं. ती चौकट फक्त त्याला दिसते. आणि अर्थात फलंदाजाच्या बापाला, थोडी लहान.

इथे मात्र माझं हिवाळ्यातलं समर्थन लंगडं पडतं, कारण इथे माझ्या हातात सत्ता आहे. कोच शेजारचाच आहे. त्याला बाजूला घेऊन दोन शब्द बोलता येतात. पंच त्या चौकटीबद्दल स्वतःच साशंक असतो. नुसतं खाकरलं तरी तो दचकतो. आणि सगळ्यांत मोठी सत्ता म्हणजे परतीच्या प्रवासात चिरंजीव गाडीत मागच्या सीटवर बांधलेले असतात.

२००१ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातला एक संघ लिटल लीगच्या जागतिक स्पर्धेत तिसरा आला. त्यांच्या गोलंदाजाचे चेंडू कुणाला दिसत नव्हते. मागाहून निघालं की बाराची मर्यादा असताना पोरगा चौदा वर्षांचा आहे. जन्मदाखला खोटा होता आणि त्यात बापाचा हात होता. संघाचे सगळे विजय रद्द झाले. ज्यांनी आपलं खरं वय सांगून प्रामाणिकपणे झेल घेतले होते, त्या पोरांचेसुद्धा. शाळेसाठी १ जूनला जन्मलेल्यांच्या आपल्या अख्ख्या पिढीला ही कला ठाऊक आहे. पण आपल्याकडे मास्तर वय वाढवत, आणि त्यात कुणाचा झेल वाया जात नसे. त्या बापाचंही बाब्यावर प्रेमच असणार. माझ्या कोचावरच्या नाचापेक्षा कितीतरी खरं प्रेम. आणि तेच घातक ठरलं.

तेव्हा सत्ता नसेल तिथे नाचावं आणि असेल तिथे टाळ्या वाजवून गप्प बसावं, असा माझा निकाल तयार होता. पण ११ मार्च २०२४ पासून आमच्या राज्यात फोनवरून खेळांवर पैसे लावणं कायदेशीर झालं, आणि निकाल फिरला. त्याच महिन्यात आमच्या संघाने मिशिगन स्टेटला ८५-६९ असं लोळवलं. जिंकलो की! पण आमचा उंच खेळाडू आर्मांडो बेकॉट याने सांगितलं, की सामन्यानंतर त्याला शंभरावर निरोप आले, शिव्यांचे. का? कडीवर आपटून परतलेले चेंडू त्याने पुरेसे पकडले नाहीत, म्हणून. कुणीतरी तेवढ्यावरच पैसे लावले होते. या माणसांना ना बाब्या ना कार्टं; त्यांना आकडा हवा होता. आणि चाहत्याच्या हातात काही नसतं, हेही खरं उरलं नाही. त्याच्या हातात फोन आहे. हा बेकॉट दहा वर्षांचा असताना कुणीतरी घडीच्या खुर्चीवर बसून त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्याच असतील ना? तेव्हापासून फेकलेला चेंडू कडीला लागून परत आला की मी त्या पोराची आई पडद्यावर शोधतो. नाच अजून करतो. पण उतरून जमिनीवर.

चॅपेल हिलला डीन स्मिथ छत्तीस वर्षं कोच होते. ज्याने गुण केला त्याने, चेंडू ज्याच्याकडून आला त्याच्याकडे बोट दाखवायचं, ही त्यांची शिस्त. २०१५ साली ते गेले, तेव्हा मृत्युपत्रात निघालं की आपल्या जुन्या सुमारे १८० खेळाडूंना त्यांनी प्रत्येकी २०० डॉलर ठेवलेत, बाहेर जेवायला जा म्हणून. त्यात मायकेल जॉर्डनही आला.

हे मी परवा जेवताना सांगितलं. आमच्या हिने विचारलं, "जॉर्डनला कशाला दोनशे डॉलर? आणि जो बाकावरच बसून राहिला, त्यालाही तेवढेच?"

सांगलीहून आलेली आई म्हणाली, "पंगतीत वाढताना असं बघतात का गं?" आणि नातवाच्या पोळीवर तिने आम्हा सगळ्यांच्या दुप्पट तूप घातलं.